कबुतर काढू नका: शांततेची गोधडी पहिल्यांदा शिवणाऱ्यांसाठी

माझं पहिलं कबुतर बदकासारखं झालं होतं. पांढऱ्या धाग्याचं, चोचीत ऑलिव्हची फांदी म्हणून काढलेला कढीपत्ता. समोरच्या काकूंनी चष्मा वर करून ते पाहिलं आणि म्हणाल्या, "बदक छान जमलंय गं." तीन आठवडे गेले होते त्यात.

युक्रेन झालं, गाझा झालं, मग आपल्या सीमेवरचे सायरन झाले. रोज रात्री टीव्हीसमोर बसून हात नुसते शिवशिवत होते. त्यातून आम्ही पुण्याच्या कर्वेनगरातल्या चौदा जणांनी मिळून वीस चौकटींची एक गोधडी केली. चौदातल्या तेरा बायका आणि एक काका, तेही खडकीच्या अॅम्युनिशन फॅक्टरीतून निवृत्त झालेले. दसऱ्याला सुरुवात केली, पुढच्या दसऱ्याला संपवायची होती, संपली संक्रांतीला. मधल्या काळात उसवलेल्या टाक्यांची लांबी धरली तर दुसरी गोधडी झाली असती. आता ओळखीतल्या दोन-तीन गटांनी "आम्हालाही करायचीय, कसं करता?" म्हणून विचारलं. एकेकीला फोनवर सांगण्यापेक्षा एकदाच लिहून काढते.

१. आधी गोष्ट ठरवा, कापड नंतर

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. पहिल्या बैठकीत आमच्याकडे सहा कबुतरं, तीन पृथ्वीचे गोल आणि दोन जोडलेले हात आले. वाईट काहीच नव्हतं, पण कुठलं कुणाचं हे सांगता येत नव्हतं. "शांतता" हा शब्द भरता येत नाही. युद्धात घरातलं काय जातं, किंवा जाईल म्हणून जीव कशात अडकतो, ते भरता येतं.

"मला चित्रकला येत नाही" हे कारण चालणार नाही. एस्थर निसेंथल क्रिनिट्झ ही पोलंडमधल्या खेड्यातली ज्यू मुलगी. १९४२ मध्ये गावातल्या ज्यू कुटुंबांना घरं सोडायचा हुकूम झाला. पंधरा वर्षांची एस्थर धाकट्या बहिणीला घेऊन निसटली आणि दोघींनी शेतावर काम करणाऱ्या पोलिश मुली असल्याचं सोंग घेऊन युद्ध काढलं. चित्रकलेचं शिक्षण नाही, शिवण मात्र हातात होतं. १९७७ मध्ये, पन्नाशीत, तिनं आपल्या मुलींना दाखवायला एक चित्र भरलं. ते बंदुकांचं नव्हतं, तिच्या लहानपणच्या घराचं होतं. पुढे छत्तीस चित्रं झाली.

मी कबुतर उसवलं आणि आईचा फोन भरला. १९९९ च्या मे-जूनमध्ये दादा कारगिलच्या बाजूला होता. पत्रावर पत्ता नुसता "द्वारा ५६ एपीओ", म्हणजे लष्कराचं पोस्ट, त्यावरून माणूस कुठे आहे काही कळत नसे. आमच्या सदाशिव पेठेतल्या घरी काळा डबडा फोन होता, त्यावर आईनं विणलेलं क्रोशाचं झाकण. एरवी ती म्हणायची धूळ बसते, झाकण काढू नका. त्या दोन महिन्यांत झाकण तिनं स्वतःच काढून ठेवलं होतं. घंटा दबकी वाजेल म्हणून. माझ्या चौकटीत फोन आहे, बाजूला घडी केलेलं झाकण आहे, बस.

विषय सुचतच नसेल तर घराबाहेर पडा. खडकीच्या युद्ध स्मशानभूमीत दुसऱ्या महायुद्धातल्या दीड हजारांहून जास्त सैनिकांच्या ओळीनं कबरी आहेत. दगडांवरची वयं वाचत चाला. काही दगडांवर तळाशी घरच्यांनी निवडलेली एखादी ओळ असते. आमच्यातल्या एकीनं तिथली एक ओळ भरायचं ठरवलं आणि शेवटी नुसतं वय भरलं. दुसरी जागा नगर रस्त्यावरचा आगाखान पॅलेस. तिथं नजरकैदेत असताना २२ फेब्रुवारी १९४४ ला कस्तुरबा गेल्या. गांधीजींनी स्वतः कातलेल्या सुताची साडी त्यांना शेवटची नेसवली होती. समाधी आवारातच आहे.

२. एक चौकट, एक माणूस

एकीनं सगळं चित्र आखायचं आणि बाकीच्यांनी रंग भरायचे, असं करू नका. तशी गोधडी सुंदर होते, पण शाळेच्या बोर्डासारखी होते.

आम्हाला नमुना मिळाला तो सिंगापूरच्या चांगी तुरुंगाचा. १९४२ मध्ये जपान्यांनी तिथं डांबलेल्या बायकांना, एथेल मुलव्हनी या कॅनडाच्या बाईंनी पुढाकार घेऊन, प्रत्येकी सहा इंचांचा चौकोन भरायला दिला. अट एवढीच की स्वतःचं काहीतरी त्यात असावं. पुरुष वेगळ्या छावणीत होते, आपला नवरा जिवंत आहे की नाही हे बायकांना माहीत नव्हतं आणि बायकांचं त्यांना. चौकोनावर नाव भरलं की निरोप पोचायची आशा. अशा सहासष्ट चौकोनांच्या तीन रजया अजून जपून ठेवलेल्या आहेत. त्यातली एक त्यांनी जपानी जखमींसाठी म्हणून केली होती, म्हणजे बाकीच्यांना परवानगी मिळणं सोपं. बायका तुरुंगातही बायकाच!

तुम्ही दहाजणी असाल तर वीस चौकटींचा हट्ट धरू नका, बारा पुरेत. आमच्या सहाजणींना दोन-दोन कराव्या लागल्या आणि दुसरी चौकट जवळपास प्रत्येकीची घाईत झालेली दिसते.

३. सामान

वीस चौकटींसाठी आम्हाला लागलं ते असं:

- मांजरपाट, ४४ इंच पन्ह्याचा, ३ मीटर
- थरांसाठी आणि पाठीला मऊ झालेल्या सुती साड्या, चार ते पाच
- ठिगळांना कात्रणं: जुने सदरे, परकर, ओढण्या
- भरतकामाचा सहा पदरी सुती धागा. एक लडी ८ मीटरची असते, एका चौकटीला सहा-सात रंग धरा
- धावदोऱ्यासाठी जाड सुती दोरा
- भरतकामाच्या ७ नंबरच्या सुया, आणि गोधडीसाठी मोठ्या नेढ्याच्या
- अंगुस्तान, म्हणजे बोटावर घालायची टोपी (पहिल्या दिवशी कुणी घालत नाही, चौथ्या दिवशी सगळ्या मागतात)
- ८ इंची लाकडी रिंग
- शिंप्याचा खडू, टेप, टाचण्या, पन्नासेक सेफ्टी पिना
- कापडाची कात्री वेगळी, कागदाची वेगळी

कापड रविवार पेठेतल्या कापडगंजात, धागे-सुया बोहरी आळीत किंवा तुळशीबागेत. जुनं कापड विकत घेण्याआधी घरातलं कपाट उघडा. बोहारणीला पातेल्यावर द्यायला म्हणून बांधलेल्या गाठोड्यात आम्हाला तीन इरकली आणि एक धोतर मिळालं. कात्रणं शिंप्याकडे मागितली की पिशवीभर फुकट मिळतात, मात्र त्यात निम्मं पॉलिस्टर निघतं. पॉलिस्टर आणि सुती एका चौकटीत आले की धुतल्यावर सुती आटतं, पॉलिस्टर तसंच राहतं आणि चौकट पापडासारखी फुगते. ओळखायचं कसं? एक धागा ओढून काडेपेटीच्या काडीवर धरा. सुताची राख होते, पॉलिस्टरचा वितळून मणी होतो.

४. कापडाच्या तीन चुका, तिन्ही आम्ही केल्या

पहिली: मांजरपाट न भिजवता कापला. त्याला खळ असते. आधी रात्रभर पाण्यात भिजवा, सावलीत वाळवा, इस्त्री करा, मग कात्री. आमच्या पहिल्या आठ चौकटी धुतल्यावर आठ मापांच्या झाल्या. काका घरून व्हर्नियर, म्हणजे बारीक मापाची पट्टी, घेऊन आले आणि प्रत्येकीचं किती मिलिमीटर आटलं ते वहीत लिहून गेले. त्याचा उपयोग काही झाला नाही.

दुसरी: रंग तपासला नाही. पांढरा रुमाल ओला करून धाग्यावर ठेवा, वरून गरम इस्त्री दाबा. रुमालाला रंग लागला तर तो धागा बाजूला. मीठ-व्हिनेगरात बुडवून रंग पक्का होतो हे आपण सगळ्यांनी ऐकलंय, पण आजच्या बहुतेक रंगांना त्याचा काही उपयोग नाही. माझ्या फोनचा काळा धागा उतरला आणि क्रोशाच्या झाकणावर राखाडी ढग आला. तो तसाच आहे.

तिसरी: तिरंगा. एकीनं उत्साहानं कडेला केशरी-पांढरी-हिरवी पट्टी चक्रासकट भरली. १९७१ च्या राष्ट्रीय सन्मान अवमान प्रतिबंधक कायद्यात आणि ध्वजसंहितेत राष्ट्रध्वज उशी, रुमाल, नॅपकिन असल्या वस्तूंवर भरायला किंवा छापायला मनाई आहे. अंगावर पांघरायच्या, पायाखाली येऊ शकणाऱ्या वस्तूवर तर नकोच. पट्टी उसवली, दोन संध्याकाळी गेल्या. बाजारात मिळणारं लष्करी छपाईचं कापडही टाळा.

घरातल्या फौजीची जुनी वर्दी कापायची असेल तर आधी त्यालाच विचारा. मी विचारलं. दादा नाही म्हणाला, कारण सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी त्याचा रात्रीचा पट्ट्यापट्ट्यांचा लेंगा पिशवीत घालून पाठवून दिला. फोनच्या मागची भिंत त्या लेंग्याची आहे.

५. माप आणि माया

तयार चौकट १२ बाय १२ इंच. कापायची मात्र १४ बाय १४, कारण रिंगमध्ये ताणताना कडा चुरगळते आणि भरल्यावर कापड थोडं आकसतं. ४४ च्या पन्ह्यात तीन चौकटी बसतात, सात ओळींत वीस निघून एक उरते. ती सरावाला ठेवा.

भरून झाल्यावर धुऊन, उलट बाजूनं इस्त्री करून मग १३ इंचांवर छाटा, म्हणजे चारी बाजूंनी अर्धा इंच माया, म्हणजे शिवणीत जाणारी कडा, राहते. मायेत भरतकाम जाऊ देऊ नका. आमच्या एकीच्या बसची मागची दोन चाकं शिवणीत गेली आहेत.

चार बाय पाच अशा चौकटी जोडल्या की ४८ बाय ६० इंच होतात. भोवती चार इंचांचे काठ लावले की ५६ बाय ६८. एका माणसाला पांघरायला पुरते, दोघांना ओढाताण होते.

६. चित्र कापडावर उतरवणं

कागदावर काळ्या पेननं ठळक काढा, खिडकीच्या काचेला चिकटवा, वर मांजरपाट लावा, पेन्सिलीनं हलकं गिरवा. झालं. कार्बन पेपर वापरू नका, डाग जात नाहीत. इस्त्रीनं पुसल्या जाणाऱ्या शाईची पेनं हल्ली सगळीकडे मिळतात, त्यांचीही एक गंमत आहे: गरमीनं गेलेली रेघ बर्फासारख्या गारठ्यात परत उगवते. आमची एक चौकट रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवून सकाळी काढून पाहिली तर खोडलेलं सगळं चित्र भुतासारखं परत आलेलं.

माणसाचे चेहरे टाळा. तीन इंचांच्या चेहऱ्यात डोळे भरले की सगळेच दचकलेले दिसतात. पाठमोरी माणसं काढा, चपला काढा, दारातलं ताट काढा. आमच्यात सगळ्यात जास्त लोक थांबून पाहतात ती चौकट नुसत्या दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांची आहे. लहान मुलाचे मोजे आहेत, एका बाजूचाच एक.

७. टाके चारच पुरे

धावदोरा, उलटी टीप, साखळी आणि ठिगळाच्या कडेला काजाचा टाका. यूट्यूबवरचे बाकीचे चाळीस टाके नंतर शिका. सहा पदरी धाग्यातले दोन पदर ओढून घ्या. धागा हाताच्या कोपरापर्यंतच्या लांबीचा, त्याहून लांब घेतला तर गुंता होतो, विरतो आणि चिडचिड होते. आजी म्हणायची, लांब दोरा आळशाचा.

मागच्या बाजूला गाठ मारू नका. गोधडीत ती बोचते आणि धुण्यात सुटते. शेपूट टाक्यांखालून दोनदा ओवून कापा. मोठी सपाट जागा भरत बसू नका, तिथं कापडाचं ठिगळ लावा. आकाश भरायला घेतलेल्या एकीनं मार्चमध्ये गट सोडला.

रोज तासभर धरला तर एक चौकट तीन आठवड्यांत होते. दिवेलागणीनंतर काळ्या-निळ्यावर काम करू नका.

८. जोडणी आणि थर

चौकटी आधी जमिनीवर मांडा आणि दोन दिवस तशाच राहू द्या. येता-जाता कुणीतरी हलवतंच, हलवू द्या. आम्ही सगळ्या गडद चौकटी एका कोपऱ्यात नेल्या होत्या; कामाला येणाऱ्या मावशी झाडता झाडता म्हणाल्या, "हिकडं लई रात झालीया." मग मोकळ्या केल्या.

ओळी मशीनवर जोडा, हातानं जोडायचा बाणा दाखवू नका. शिवणी एका बाजूला न पाडता उघडून इस्त्री करा. मग खाली पाठ, मधे जुन्या साड्यांचे दोन थर, वर चौकटी. साडीचा पन्हा पुरत नाही, दोन तुकडे जोडून घ्या. चार कोपऱ्यांना चौघी बसून ताणा आणि मधून बाहेर सेफ्टी पिना लावा. टाचण्यांवर भागवलं तर नंतर मांडीत सापडतात.

धावदोरा कडेपासून सुरू करा आणि चौकोनी फेरे घेत आत या. दोन फेऱ्यांत बोटभर अंतर. चित्रापाशी आलात की त्याला वळसा घाला, वरून जाऊ नका. टाका सगळ्या थरांतून गेला पाहिजे, पाठीवर हात फिरवून बघत राहा. हे काम एकत्र बसूनच करायचं. आमची सतरंजी दर शनिवारी चारला पडायची. पहिल्या तासात युद्धाबद्दल बोलणं व्हायचं, नंतर सुनांबद्दल.

९. पाठीवरचा खिसा

हे जरूर करा, फार कमी लोक करतात. चिलीमध्ये १९७३ च्या लष्करी उठावानंतर हजारो माणसं पकडली गेली, कित्येक परतली नाहीत. त्यांच्या बायका-आया गोणपाटावर कात्रणांची चित्रं शिवू लागल्या. कधी त्यात बेपत्ता माणसाच्याच शर्टाचा तुकडा असे. या चित्रांना तिकडे गोणपाटाचंच नाव आहे, आर्पियेरा. त्यातल्या कित्येकांच्या पाठीला छोटा खिसा असायचा, आत हातानं लिहिलेली चिठ्ठी.

आम्ही प्रत्येक चौकटीमागे तीन बाय चार इंचांचा खिसा लावला. आत काय आहे ते ज्याचं त्यानं ठरवायचं, दुसऱ्यानं विचारायचं नाही. धुताना चिठ्ठ्या काढायला विसरू नका. काकांची चिठ्ठी आम्ही विसरलो, लगदा झाला. त्यांनी दुसरी लिहून दिली, पहिलीपेक्षा बरीच जाड.

१०. लोकांना दाखवायची असेल तर

आधी सोसायटीचा हॉल, शाळा, वाचनालय बघा, तिथं बहुतेक तोंडी काम होतं. कलादालन हवं असेल तर महापालिकेचं घोले रस्त्यावरचं राजा रविवर्मा कलादालन आहे, बालगंधर्वलाही आहे. तारखांसाठी स्वतः जाऊन विचारा आणि खूप आधी विचारा. आम्ही फाईलमध्ये हे ठेवलं होतं:

- अर्जाच्या दोन प्रती (एकीवर शिक्का मारून पोच घ्या, पोच नसेल तर अर्ज नव्हताच असं धरा)
- अर्जदाराचं ओळखपत्र. संस्था नसेल तर एकीच्या नावावर करा
- सगळ्या चौकटींचे फोटो आणि प्रत्येकीबद्दल दोन ओळी
- अनामत परत यायला बँकेचा तपशील, रद्द केलेला धनादेश
- गोधडी टांगायला नेफ्यात घालायच्या दांडीची लांबी-जाडी

फोटो आधीच जोडा हे मुद्दाम सांगते. एका ठिकाणी लावायच्या आदल्या संध्याकाळी तिथल्या साहेबांनी विचारलं, "हे कुठल्या बाजूचं आहे?" आणि एक चौकट झाकता येईल का असंही. चौकटीत पडक्या भिंतीपाशी एक चूल होती, देशाचं नाव कुठेच नव्हतं. आम्ही झाकली नाही, गोधडी गुंडाळून घरी आणली. कापडावरच्या चित्राची अडचण मोठ्यांनाही होते. पिकासोच्या १९३७ च्या 'गेर्निका' या युद्धविरोधी चित्राचं विणलेलं रूप न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांत सुरक्षा परिषदेच्या दालनाबाहेर टांगलेलं असे. फेब्रुवारी २००३ मध्ये अमेरिकेचे तेव्हाचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल इराकबद्दल बोलायला आले, तेव्हा त्यावर निळा पडदा ओढला होता. पुढच्या ठिकाणी आम्ही अर्जालाच वीस फोटो टाचले आणि काही त्रास झाला नाही.

टांगायला पाठीच्या वरच्या कडेला चार इंची नेफा शिवा आणि त्यातून पडद्याची दांडी घाला. खिळे, चिमटे, दुहेरी टेप यातलं काहीही नको, वजनानं कोपरे ओघळतात. "हात लावू नये" अशी पाटी आम्ही लावली नाही. मळली तर धुऊ.

११. नंतर ठेवायची कशी

प्लास्टिकच्या पिशवीत कोंडू नका, पुण्याच्या पावसात बुरशी धरते. घडीऐवजी गुंडाळी करा, चित्र बाहेरच्या बाजूला, वरून जुनी मलमल. डांबराच्या गोळ्या कापडाला टेकू देऊ नका, पुरचुंडीत बांधून कडेला ठेवा. वाळलेला कडुलिंबाचा पालाही चालतो. गणपतीनंतर एकदा सावलीच्या वाऱ्यात पसरा, कडक उन्हात नको.

आमची गोधडी कुणा एकीच्या मालकीची नाही. महिनाभर एका घरी, मग पुढच्या घरी, पांघरायला परवानगी आहे. सध्या समोरच्या काकूंकडे आहे, त्यांचा नातू तिच्यावरच झोपतो असं ऐकते. भाद्रपदात माझ्याकडे येईल तेव्हा नेफ्याची डावी बाजू उसवलीय ती टाचायची आहे.